पांढऱ्या कापडाखाली नऊ दिवस

२ सप्टेंबर, सोमवार

पोहोचलो. हा माझा विसावा देश.

नवी वही म्हणून पहिल्या पानावर थोडी ओळख. मरियामातेची मूर्ती घेऊन देशोदेशी जायचं, एका घरी मुक्काम करायचा, नऊ दिवस रोज संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांना जमवून जपमाळ म्हणायची आणि मग पेटी बंद करून पुढचं घर गाठायचं, हे माझं काम. मी फादर नाही, ब्रदर नाही. साधा प्रापंचिक माणूस आहे. बायको आहे, पेन्शन आहे, दुखरे गुडघे आहेत. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी या वेळी निघताना एवढंच सांगितलं की, "मागच्या वर्षी तुम्ही मूर्ती बोटीत विसरलात, त्याच्या मागच्या वर्षी लिफ्टमध्ये. आता तरी सांभाळा." मोठी माणसं बारीकसारीक गोष्टी फार लक्षात ठेवतात.

विमानतळावरून पेटी घेतली आणि थेट बसस्थानक गाठलं. सामानाच्या खिडकीवर पेटीचं वजन भरलं एकतीस किलो. घरून निघताना चोवीस होतं. मी तेहतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. खोटा काटा मी लांबून ओळखतो. खिडकीतल्या माणसाला तसं स्पष्ट सांगितलं आणि लेखी तक्रार दिली. त्याने ती घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

३ सप्टेंबर, मंगळवार

घर छान आहे. दोन मजले, मागे कपडे वाळत घालायचं अंगण, पुढे चिमूटभर बाग. घरात दोन बहिणी राहतात. थोरली सहासष्ट वर्षांची, शिवणकामाच्या शाळेतून निवृत्त. धाकटी साठीची, अजून ग्रंथालयात जाते. दोघी अविवाहित, दोघी नीटनेटक्या, आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

हे मला इथल्या फादरांनी चर्चच्या पायरीवर सांगितलं. "मुद्दामच तुमची मूर्ती या घरात ठेवतोय," म्हणाले. "धाकटीने दुसऱ्या गावात खोली बघून ठेवली आहे. पंधरा तारखेला ती जाणार. एकदा गेली की संपलं. थोरली एकटी पडेल, आणि मान खाली घालायची नाही म्हणून बोलावणारही नाही."

मी म्हटलं, "फादर, माझी दृष्टी जगावर आहे. हे घरगुती आहे."

फादर म्हणाले, "जग घराघरांचंच असतं." उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात झालं.

दुपारी पेटी उघडली. मूर्ती नेहमीसारखीच आपल्या कापडात पूर्ण गुंडाळलेली. तिचं आवरण फक्त नवव्या दिवशी काढायचं, हा नियम माझा. आधीच दर्शन दिलं की लोक मुकुट केवढा आणि रंग कुठला हे बघत बसतात, प्रार्थना राहते बाजूला. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही.

आमचं आवरण निळं होतं, हे पांढरं आहे. निघायच्या आदल्या दिवशी मठातल्या सिस्टरांनी बदललेलं दिसतंय. कापडाला तळलेल्या कांद्याचा वास येतो. त्यांची शिवणखोली स्वयंपाकघराला लागून आहे, मी किती वेळा सांगितलं.

४ सप्टेंबर, बुधवार. पहिला दिवस

बैठकीच्या खोलीत मूर्ती उभी केली. पाच शेजारी, फादर, पोस्टमन आणि दोघी बहिणी. थोरली उजव्या कोपऱ्यात, धाकटी डाव्या. मध्ये मी आणि मूर्ती.

कापडाखालून एक हात वर गेलेला दिसतो. आमच्या मूर्तीचे दोन्ही हात जोडलेले आहेत असं मला आठवत होतं. पण मी नम्र माणूस आहे, आपल्या आठवणीवर फार विसंबत नाही. दुसऱ्या हातात चौकोनी काहीतरी आहे. ग्रंथ असणार. मुकुटही चांगला उंच झालाय. मोठ्या बाईंनी मला न सांगता नवी मूर्ती दिली हे उघड आहे. बोटीचा राग अजून गेला नाही म्हणायचा. पण नवी मूर्ती माझ्याच हाती दिली, याचा अर्थ विश्वासही आहे. डोळ्यांत पाणी आलं.

विमान कंपनीचे आज तीन फोन. यांना प्रवास कसा झाला ते विचारायचं असतं आणि एक ते पाच गुण द्यायला लावतात. नऊ दिवस बाहेरच्या जगाशी संबंध नाही, हा माझा दुसरा नियम. फोन बंद करून कपाटात ठेवला. त्याआधी बायकोशी दोन मिनिटं बोललो. ती म्हणाली, "अहो, फोन बंद ठेवा हवं तर, पण डोळे आणि कान उघडे ठेवा." तिला अध्यात्म कळत नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार. तिसरा दिवस

या घरात जेवायला बसणं म्हणजे टपाल खात्यात नोकरी करणं आहे. टेबल एक, चुली दोन, आणि मध्ये पाहुणा.

थोरली म्हणते, "पाहुणे, त्यांना सांगा, खिडकी लावून घ्या. वारा येतोय."

मी धाकटीकडे वळतो. ती दीड हातावर बसलेली. "खिडकी लावून घ्या म्हणतात."

"त्यांना सांगा, वारा नाही आला तर सूपचा वास कसा जाणार?"

मी पुन्हा वळतो. माझं स्वतःचं सूप तिन्ही दिवस गार. मान आखडली ती वेगळीच. पोस्टमन म्हणाला, तुम्ही यायच्या आधी हे काम माझ्याकडे होतं, आणि त्याने माझा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले.

त्याने एक चिठ्ठीही आणली. विमानतळाच्या सामान कक्षाकडून. 'आपल्या पेटीसंदर्भात तातडीने संपर्क साधावा.' वजनाचीच भानगड असणार. म्हणजे माझी तक्रार वरपर्यंत पोहोचली तर! चिठ्ठी वहीत ठेवली आहे, नवव्या दिवसानंतर बघू.

८ सप्टेंबर, रविवार. पाचवा दिवस

आज जे पाहिलं ते मोठ्या बाईंना सविस्तर कळवणार आहे. या नव्या मूर्तीत विलक्षण काहीतरी आहे.

सकाळी थोरली मूर्तीसमोर येऊन बसली. धाकटी तिथेच पुस्तकांच्या कपाटावरची धूळ झटकत होती. थोरलीने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे माते, या घरात कुणीतरी न्हाणीघराचा नळ घट्ट बंद करत नाही. रात्रभर टपटप चालू असते. त्यांना सुबुद्धी दे."

धाकटीने फडकं खाली ठेवलं, मूर्तीच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकले आणि म्हणाली, "माते, त्या नळाचं वॉशर गेलंय. गेल्या वर्षीच गेलंय. तुला सगळं ठाऊकच आहे."

"माते, ठाऊक होतं तर बदलून का घेतलं नाही?"

"माते, त्या नळाला हात लावायचा नाही, असं मला पोस्टमनकडून सांगण्यात आलं होतं."

अर्धा तास चाललं. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. इतकी कळकळीची, इतकी तपशीलवार प्रार्थना मी वीस देशांत ऐकली नाही. दोघी मातेत इतक्या गुंगल्या होत्या की मी आत आलो तरी त्यांना कळलं नाही. मग मीच मध्ये पडून त्यांना जपमाळेचं महत्त्व समजावलं, तेव्हा दोघी उठून आपापल्या खोलीत गेल्या.

९ सप्टेंबर, सोमवार. सहावा दिवस

संताप झाला आहे. अक्षर बिघडलं तर माफी.

पोस्टमनने बातमी आणली. बसस्थानकाजवळ गेल्या आठवड्यात एक नवी खानावळ उघडली आहे, आणि तिच्या मालकाने गिऱ्हाइकं ओढायला चक्क दारातच मरियामातेची मूर्ती उभी केली आहे! निळी वस्त्रं, जोडलेले हात, अगदी आपल्या मातेसारखी हुबेहूब. लोक म्हणे आत जाताना टोपी काढतात.

वीस देश फिरलो, पण इतका निर्लज्जपणा पाहिला नाही. पोटासाठी माणूस कुठल्या थराला जाईल! त्याच बसल्या जागी तीन पानी निषेधपत्र लिहिलं. त्याला बाजारबुणगा म्हटलं, ढोंगी म्हटलं, आणि 'ज्याची मूर्ती त्याला ताबडतोब परत करा' असंही बजावलं. खाली इथला पूर्ण पत्ता घातला. माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यायची हिंमत असेल तर येईल. येतो कशाला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातला प्रकार.

आज मूर्तीसमोर थोरली म्हणाली, "माते, काल कुणीतरी फार खोकत होतं. त्यांना सांग, गरम पाण्याची पिशवी जिन्याच्या कपाटात आहे." जाताना कपाटाचं दार तिने उघडंच ठेवलं. मी ते नीट लावून घेतलं. घरात शिस्त हवी.

१० सप्टेंबर, मंगळवार. सातवा दिवस

धाकटी अंगणात चादरी वाळत घालत होती. मी पिना देत होतो. तिथे तिने अबोल्याचं कारण सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी आई गेली. चर्चमध्ये शवपेटीसमोर दोघी उभ्या. तेव्हाचे म्हातारे फादर गंभीर आवाजात प्रार्थना म्हणत होते. मध्येच त्यांना अशी शिंक आली की कवळी बाहेर उडाली आणि पहिल्या बाकावर बसलेल्या दंतवैद्याच्या मांडीत पडली. दंतवैद्याने सवयीने ती उजेडात धरून तपासली.

"आणि मला हसू फुटलं," धाकटी म्हणाली. "मला आवरेचना, पाहुणे. मी रुमाल तोंडात कोंबला, नखं रुतवून घेतली. आईसाठी जीव तुटत होता आणि मी हसत होते. ताईने माझ्याकडे जे पाहिलं ना, ते पाहणं शेवटचं. आईवर माझं प्रेमच नव्हतं असं तिला वाटतं. अकरा वर्षं तसंच वाटतंय."

तिला माझं मत हवं होतं. मी दिलं. पवित्र जागी हसणं हा हलका विषय नव्हे, थोरलीचं चुकलं असं मला म्हणवत नाही, हे मी तिला चांगलं अर्धा तास उदाहरणांसकट समजावलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. ऐकणारं माणूस मिळणं कठीण असतं.

संध्याकाळी तिच्या खोलीवरून जाताना पाहिलं, पलंगावर बॅग उघडी होती आणि ती पुस्तकं भरत होती. पंधरा तारीख म्हणत होती, आता शुक्रवारीच जाते म्हणाली. "त्यांना सांगू नका," म्हणाली.

जेवण गेलं नाही. मी बोललो ते बरोबरच होतं. तरीही जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. आठवा दिवस

धाकटी आज मूर्तीसमोर काही बोलली नाही. थोरलीने दोनदा मातेला नळाबद्दल विचारलं, मग वॉशरबद्दल, मग हवेबद्दल. उत्तर आलं नाही. मग थोरली मला म्हणाली, "पाहुणे, त्यांना विचारा…" आणि पुढे काय विचारायचं ते तिला सांगताच आलं नाही.

माझी पत्रकं आहेत, स्लाइड आहेत, विसाव्या देशासाठी लिहिलेलं खास भाषण आहे. यावर काय करायचं ते त्यात कुठेच नाही. 'माते, मी काहीतरी बिघडवलं का,' असं मीही विचारून पाहिलं. कापडाआडून कांद्याचा वास आला, बाकी काही नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल लिहायला जमलं नाही. जे घडलं तसंच्या तसं लिहितो. मोठ्या बाईंनाही हेच पान पाठवणार आहे, मग त्यांनी काय करायचं ते करावं.

काल नववा दिवस. खोली गच्च भरलेली. अठ्ठावीस माणसं. धाकटीची बॅग दाराशी भिंतीला टेकवून ठेवली होती. थोरलीने ती पाहिली होती, कारण तिचं सगळं लक्ष तिकडेच होतं.

चार माळा झाल्या. शेवटच्या माळेआधी आवरण काढायचं. ते काढताना मी नेहमी डोळे मिटतो आणि मूर्तीचं वर्णन तोंडपाठ म्हणतो. त्याने वातावरण भारावतं. मी दोरी सोडली, कापड ओढलं आणि डोळे मिटूनच सुरुवात केली, "पाहा, ही कोमल मुद्रा!"

पुढच्या खुर्च्या करकरल्या, लोक नीट बघायला पुढे सरकले असणार.

"पाहा हे झुकलेले, लाजरे नेत्र! पाहा, जगाचं दुःख पिऊन गप्प झालेले हे नाजूक ओठ!"

कुठेतरी कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा आवाज आला. मला वाटलं, कुणाला तरी हुंदका आवरत नाही. असं होतं कधीकधी. मी म्हटलं, "दाबू नका! माता सगळं जाणते. मोकळे व्हा!"

तेव्हा आवाज फुटला, पण तो रडण्याचा नव्हता. मी डोळे उघडले.

माझ्यासमोर प्लास्टरचा एक लठ्ठ आचारी उभा होता. गाल लालबुंद, मिशा पिळदार, डोक्यावर हातभर उंच पांढरी टोपी. एक डोळा मिचकावलेला. वर केलेल्या हातात पळी, आणि दुसऱ्या हातात पाटी. पाटीवर लिहिलेलं, 'आत या, लाजू नका!'

नऊ दिवस आम्ही याच्यासमोर गुडघे टेकले होते.

हसत होती ती थोरली. खुर्चीत वाकून, रुमाल तोंडात कोंबून, सगळं अंग गदगदा हलत होतं. मग पोस्टमन सुटला, शेजारी सुटले. फादर भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे खांदे उडत होते. सगळ्या खोलीत एकच माणूस हसत नव्हतं. धाकटी पांढरीफटक पडून जमिनीकडे बघत होती, ओठ दातांखाली घट्ट धरून.

थोरलीने डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. हसू ओसरलं नव्हतं, पण चेहरा बदलला.

"छकू," ती म्हणाली. मी मान वळवून निरोप द्यायला तयार झालो, पण माझी गरज नव्हती. "हस ना गं."

धाकटीने मान हलवली. "नको, ताई. पुन्हा अकरा वर्षं नको."

"अगं, मला आवरत नाहीये!" थोरलीचा आवाज फाटला. "मी प्रार्थनेला आलेय, तू निघालीस म्हणून सकाळपासून जीव तुटतोय, आणि मला हसू आवरत नाहीये! आईच्या वेळी तुला असंच झालं होतं का?"

"असंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे!"

थोरली उठली. खोली ओलांडायला तिला सात पावलं लागली, मध्ये तिचा धक्का लागून आचारी डुगडुगला. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आधी एक हसली की दुसरी रडली हे मला सांगता येणार नाही. "ती कवळी, ताई," धाकटी म्हणत होती, "त्याने ती उजेडात धरली…" आणि थोरली म्हणत होती, "पाहिलं होतं गं मी, पाहिलं होतं." मी तर सरळ रडलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अठ्ठावीस माणसांसमोर, हातात कांद्याच्या वासाचं कापड घेऊन.

तेवढ्यात दार वाजलं. एक हडकुळा, घाबरट माणूस उभा होता. काखेत जाड चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, हातात माझं पत्र.

"हे तुम्हीच लिहिलंत का?" त्याने विचारलं. "यात मला बाजारबुणगा म्हटलंय. मी विमानतळावर रोज फोन करतोय हो. ते म्हणतात, त्या गृहस्थाचा फोन बंद आहे, चिठ्ठीला उत्तर नाही आणि पत्ता आम्हाला देता येत नाही. तुमच्या पत्रामुळे पत्ता तरी मिळाला. मातेला पेटीत कोंडून ठेवणं बरं वाटेना, म्हणून दारात उभं केलं. रोज ताजी फुलं ठेवली." मग त्याला माझ्या पाठीमागचा आचारी दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे! हा इथे आहे होय!"

मी त्याची माफी मागितली. तीन पानांची माफी तोंडी मागायला वेळ लागतो. त्या माणसाने ती सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, जेवायला या.

फादरांनी चादर सोडली, आमची मूर्ती आचाऱ्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "शेवटची माळ राहिली आहे. हसत म्हटली तरी चालेल." म्हटली. मध्ये तीनदा थांबावं लागलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

निघायचा दिवस. खानावळीतून परत आलेली आमची पेटी उघडून, निळं आवरण वर करून, मूर्ती स्वतः पाहिली. तिचे हात जोडलेलेच आहेत. मग सगळ्यात आधी बसस्थानकावर जाऊन खिडकीवरच्या माणसाला सांगितलं की तुमचा काटा बरोबर आहे. त्याला मी आठवलो नाही.

बायकोला फोन केला, सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "अहो, आता थोडे दिवस घरीच या." मोठ्या बाईंचं उत्तर अजून नाही. पेटी माझ्याकडून काढून घेतली तर वाईट वाटेल, हे कबूल करतो. फार वाईट वाटेल.

चार वाजता टॅक्सी आली. निरोपाचं भाषण खिशात होतं. पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. दोघी टेबलाशी बसल्या होत्या, पाठमोऱ्या. भांडत होत्या. खोलीवाल्याला नकार कळवायचं पत्र कुणी लिहायचं यावरून.

"तू घेतलीस खोली, तू लिही."

"तुझ्यामुळे घेतली, तू लिही."

"माझ्यामुळे? आणि नळाचं काय?"

"नळाचं इथे काय आलं, ताई!"

दोघी एकाच वेळी बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत, आवाज चढवत. निरोप घ्यायचा तर मला मध्ये बोलावं लागलं असतं. मी दहा मिनिटं थांबलो. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तोही त्यांना ऐकू गेला नाही.

मग मी दार हळूच ओढून घेतलं आणि निघालो.